शेवटची जागा कुणीच घेईना

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी लावॉन. तिचं काम असं, की आमच्या कॉलेजातल्या पोरांना परदेश दाखवून आणायचा. परदेश म्हणजे कॅनडा नव्हे. कॅनडा आमच्या सीमेपलीकडेच, तिथे आम्ही मासे धरायला जातो, त्याला आमच्याकडे कुणी परदेश म्हणत नाही. परदेश म्हणजे जिथे आपलं बोलणं कुणाला कळत नाही आणि बर्फ पडत नाही, असा.

आमचं कॉलेज छोटं, दोन वर्षांचं, धान्याच्या कोठारापलीकडे. तिथे वेल्डिंग शिकवतात, नर्सिंग शिकवतात, डिझेलची इंजिनं उघडायला शिकवतात. ती परत कशी जोडायची तेही शिकवतात म्हणे, पण माझ्या ट्रॅक्टरवरून तरी तसं वाटत नाही. तिथल्या कँटीनमध्ये मी बरीच वर्षं सूप ढवळलं, म्हणून कॉलेजात होते असं सांगायला माझी हरकत नसते. शाळा मी आठवीनंतर सोडली. गाईंनी मात्र मला सोडलं नाही.

लावॉन कॉलेजच्या ऑफिसात टायपिंग करायची. शांत बाई. कुणी पायावर पाय दिला तर हीच माफी मागणार. परदेशाच्या सहली तेव्हा इतिहासाच्या एक बाई काढायच्या. त्यांनी शहरातल्या एका दातांच्या डॉक्टरशी लग्न केलं आणि त्या निघून गेल्या. मागे राहिला एक खोका. त्यात जुने नकाशे, एक शिट्टी आणि परदेशातल्या भिंतीत बसणारे विजेचे चारपाच प्लग. तेव्हाच्या डीनसाहेबांनी तो खोका लावॉनच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "दुसरं कुणी मिळेपर्यंत तू जरा बघशील का?"

दुसरं कुणी अजून मिळालेलं नाही. ते डीन निवृत्त झाले, वारले, त्यांच्या नावाने तळ्याकाठी बाकडं बसवलं, ते बाकडंही आता एका बाजूने कुजलंय.

खरी गंमत अशी की लावॉन स्वतः तोवर विमानात बसली नव्हती. हे तिने कुणाला सांगितलं नाही. पहिल्या सहलीत विमान वर उठलं तेव्हा शेजारच्या वेल्डिंगच्या पोराचा हात तिने इतका घट्ट धरला की त्याची अंगठी त्याच्याच बोटात रुतली. परत आल्यावर त्याच्या आईला म्हणाली, "पोर घाबरलं होतं हो, म्हणून धरला हात." पोरगा गुणी. तो "हो, घाबरलो होतो," म्हणाला.

मग ती त्यात रमली. दरवर्षी मार्चच्या सुट्टीत कोस्टा रिकाला एक तुकडी न्यायची. तिथे लोकांच्या घरी राहायचं, दवाखाने बघायचे, कॉफीचे मळे बघायचे. आमची कॉफी म्हणजे कपाचा तळ दिसावा अशी. तिकडची कॉफी पिऊन आमची पोरं पहिले दोन दिवस डोळे मिटायची नाहीत.

जाण्याआधी महिनाभर ती त्यांचे वर्ग घ्यायची. तिकडे भेटल्यावर गालाला गाल लावतात. आमच्याकडे नवरासुद्धा पाहुण्यांसमोर बायकोच्या खांद्यावर हात ठेवायच्या आधी इकडेतिकडे बघतो. मग सराव कुणावर करायचा? माझ्यावर. "आर्डिसमावशी, एक तास येशील का गं?" म्हणून न्यायची आणि मला खुर्चीत बसवायची. ही थोराड डिझेलवाली पोरं कानापर्यंत लाल होऊन रांगेत उभी. माझा नवरा गेल्यापासून माझ्या गालाकडे इतकं लक्ष कुणी दिलं नव्हतं.

जेवणाचाही वर्ग असे. तो एका पोराच्या उपासमारीतून निघाला. ट्रॉय नावाचा धिप्पाड मुलगा होता. तिकडच्या घरातल्या बाईने भात आणि काळे घेवडे पुढे केले, तर हा आपल्या रीतीने म्हणाला, "नको, ठीक आहे." आमच्याकडे एकदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा "बरं, अगदी थोडं," म्हणून ताट भरून घ्यायचं. त्या बाईला वाटलं, खरंच नको. तिने भांडं उचललं. ट्रॉय दोन दिवस दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसला. लावॉनला तो कोंबड्यांच्या खुराड्यामागे च्युइंगम खाताना सापडला.

सगळं असं छान चाललेलं, आणि नवीन डीन आले. ब्रेंट. ॲरिझोनाच्या वाळवंटातला माणूस, स्वभावाने चांगला, पण जानेवारीत पातळ बूट घालून फिरणारा. आदल्या वर्षी माणसं कमी पडली म्हणून सहल रद्द झाली होती. ब्रेंटने लावॉनला समोर बसवून सांगितलं, की या वर्षी निदान दहा नावं हवीत. अमुक शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस बंद होईपर्यंत झाली तर सहल, नाही तर हे खातंच बंद. "तुझी नोकरी जाणार नाही हं," तो म्हणाला. "टायपिंगला परत घेऊ तुला."

हे सांगायला ती माझ्याकडे आली. सांगता सांगता तिने माझा ओव्हन घासायला घेतला. आमच्याकडच्या बायका रडत नाहीत, ओव्हन घासतात. मी फक्त खालचा कप्पाही राहिलाय, एवढं सांगितलं.

लावॉन झटून कामाला लागली आणि नऊ नावं झाली. नववी होती टॅशा. दोन पोरांची आई, नवरा नाही, रात्री टर्की पक्ष्याच्या मांसाच्या कारखान्यात काम आणि दिवसा दातांच्या डॉक्टरकडच्या मदतनिसाचं शिक्षण. आयुष्यात तीन राज्यांपलीकडे गेली नव्हती. पासपोर्ट आला तेव्हा तो तिने मटार गोठवायच्या पिशवीत घालून पर्समध्ये ठेवला आणि पेट्रोल पंपावरच्या पोरालाही काढून दाखवला.

"फोटोत तुला पोलिसांनी धरल्यासारखं दिसतंय," मी म्हटलं.

"असू दे, आजी. धरून नेलं तरी कोस्टा रिकाला नेणार आहेत ना?"

ती गेली की तिची पोरं माझ्याकडे राहायची, असंही ठरलं.

पण दहावं नाव काही येईना. तेव्हा ब्रेंटने युक्ती सांगितली. मोठ्या लाल अक्षरांत पोस्टर लावायचं, "फक्त एकच जागा शिल्लक!" म्हणाला, "बघ, धावत येतील. माझ्या आधीच्या कॉलेजात रांग लागायची."

लावॉनने मला विचारलं, "मावशी, जागा खरं तर सोळा आहेत. तिकडच्या घरांनी तेवढ्या खाटा धरल्यात. पण दहाला एक कमी आहे, म्हणजे एकच हवी. हे खोटं नाही ना?"

"अर्धं खोटं आहे."

"अर्धं चालेल," म्हणाली आणि पोस्टरं लावून आली. कँटीनमध्ये, पेट्रोल पंपावर, बी-बियाण्यांच्या दुकानात, चर्चच्या फळ्यावर.

लोक थांबायचे, वाचायचे, "अरे वा, एकच राहिली," म्हणून समाधानाने पुढे जायचे. कुणी धावलं नाही. चालतही कुणी आलं नाही.

बियाण्यांच्या दुकानात मला ड्वेन दिसला. जन्मभर दुधाची गाडी चालवली त्याने, आता निवृत्त, घरी एकटा. कॉलेजबाहेरच्या माणसांनाही सहलीला नाव देता येतं. पोस्टरसमोर टोपी हातात घेऊन उभा होता, जशी काही कुणाची समाधी आहे.

"दे ना मग नाव," मी म्हटलं.

"छे छे. एकच राहिलीय. एखाद्या शिकणाऱ्या पोराला होईल."

"पण तुला जायचंय का?"

"तसं काही नाही. कल्पना वाईट नाही, एवढंच."

आमच्याकडे माणूस एखाद्या गोष्टीला "वाईट नाही" म्हणाला, तर तो त्या गोष्टीपायी आठवडाभर झोपलेला नाही असं धरावं. हे मला कळत होतं. तरी मी म्हटलं, "हो, खरंय, पोराला होईल," आणि गाजराचं बी घेऊन घरी आले. मीही त्यातलीच ना.

मग झालं ते आणखी वाईट. एके संध्याकाळी लावॉन माझ्याकडे ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश खात बसली होती, तेवढ्यात टॅशा आली. कोटही न काढता तिने ती मटाराची पिशवी टेबलावर ठेवली.

"माझं नाव खोड, लावॉन."

"का गं? काय झालं?"

"ती नर्सिंगची केल्सी आहे ना, ती पोस्टरसमोर उभी राहून उसासे टाकते रोज. तिला जायचंय. वीस वर्षांची पोर आहे. माझी जागा तिला दे."

"अगं, तिला जागा आहे! तिच्यासाठीच तर आहे ती एक!"

"ती ड्वेनला ठेवलीय तिने. म्हणते, म्हातारा माणूस आहे, जाऊ दे बिचाऱ्याला."

"आणि ड्वेन?"

"तो म्हणतो, पोरांना होईल."

लावॉनने काटा खाली ठेवला. "टॅशा, तू आधी नाव दिलंयस. तुझी जागा आहे ती. बस, खा काहीतरी."

"नको, ठीक आहे. मी एवढी जागा अडवून बसलेय आणि लोक बाहेर उभे आहेत, मला झोप लागत नाही. पोरांना सोडून आई फिरायला गेली, असंही वाटतं कधी कधी. नाहीच जात मी." आणि गेली. पिशवी टेबलावरच राहिली. मी तिच्यामागे धावत जाऊन ती तिच्या पर्समध्ये कोंबली. पोलिसांनी धरल्यासारखा चेहरा आता फोटोबाहेरही दिसत होता.

दुसऱ्या दिवशी वेल्डिंगचा एक मुलगाही तसंच काहीतरी पुटपुटून नाव काढून गेला. नवाचे सात झाले. शुक्रवार तोंडावर आला. लावॉनने माझा ओव्हन परत घासला. मग फ्रिजमागची भिंत.

बुधवारी एल्मरचं दफन होतं. नव्वदी ओलांडलेला माणूस, झोपेतच गेला. कुणाला फार दुःख करायचं कारण नव्हतं आणि हॅम चांगलं होतं. दफनानंतर चर्चच्या तळघरात सगळे जमलो. लांब टेबलावर सँडविचेस, लोणचं, कॉफीची मोठी किटली, आणि माझ्या ओटच्या वड्यांचा ट्रे. चॉकलेट घातलेल्या वड्या, माझी सासू करायची तशा.

ट्रेमध्ये एक वडी उरली. आता ती कोण घेणार? पहिली आली ती पाद्रीबाईंची सून. तिने सुरीने वडीचे दोन भाग केले आणि एक घेतला. मग ड्वेन आला, त्याने उरलेल्या अर्ध्याचे दोन केले. मी आले, मी त्या पाव वडीचा अर्धा घेतला, तोही माझ्याच हातची वडी असून. मागून आणखी दोघं आली. शेवटी त्या एवढ्या मोठ्या ट्रेमध्ये नखाएवढा तुकडा आणि शेजारी सुरी, असं राहिलं. येणारा प्रत्येकजण त्याकडे बघायचा, "कुणाला हवाय का?" म्हणायचा आणि कॉफी घेऊन जायचा.

लावॉन हे सगळं भिंतीला टेकून बघत होती. एकदम तिने कप खाली ठेवला.

"मावशी, मी गाढव आहे."

"हळू बोल, चर्च आहे."

"ती शेवटची वडी कुणी खाल्ली?"

"कुणीच नाही. अजून आहे बघ."

"तेच! तेच म्हणतेय मी!" आणि ती हसायला लागली. दफनाच्या जेवणात, एल्मरच्या बायकोसमोर, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "मी अख्ख्या गावाला शेवटची वडी देऊ केली गं! अख्ख्या गावाला!"

तेव्हा माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. आमच्यात शेवटचा घास कुणी उचलत नाही. नाताळच्या पार्टीत एकाने उचलला होता, अख्खी वडी, सगळ्यांच्या देखत, आणि तोंडात टाकून वर "मस्त!" म्हणाला होता. त्याला कुणी काही बोललं नाही, पण त्याविषयी गाव अजून बोलतंय. तो म्हणजे ब्रेंट. त्याच्या गावाकडे असंच करत असतील. त्याचा काही दोष नाही. पोस्टरही त्याने आपल्या गावच्या रीतीनेच सांगितलं होतं.

एल्मरच्या बायकोची माफी मागून लावॉन तडक उठली आणि गावभर फिरून पोस्टरं काढून आली. रात्री माझ्या टेबलावर बसून हाताने नवीन लिहिली. त्यांत काही लाल नव्हतं. "कोस्टा रिकाच्या सहलीत जागा पुष्कळ आहेत. तिकडच्या घरांनी जास्त माणसं धरून तयारी केली आहे. कुणी आलं नाही तर वाया जाईल."

"वाया जाईल" वाचून मलाच खुर्चीत चुळबुळ झाली. हे दोन शब्द आमच्याकडे कुणाला ऐकवत नाहीत.

सकाळी ब्रेंटने ते वाचलं. लावॉनने मला त्याचं बोलणं नंतर करून दाखवलं. "लावॉन, हे काय? जागा पुष्कळ आहेत म्हटल्यावर घाई कोण करणार? आणि तयारी वाया जाईल, ही काय जाहिरात झाली?"

"ब्रेंट, तू उद्या संध्याकाळपर्यंत गप्प बस," ती म्हणाली. म्हणून झाल्यावर तिलाच घाम फुटला. तिने त्याला एक कप कॉफी नेऊन दिली.

गुरुवारी दुपारी ड्वेन आला. दारातच उभा, टोपी हातात. "कुणाची अडचण होणार नसेल, आणि तसंही वाया जाणारच असेल, तर…"

"हो!" लावॉन म्हणाली. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत.

"मी अजून विचारलं नाही."

"हो, हो, आणि हो. बस इथे, सही कर."

त्याच्यामागून केल्सी आली. ड्वेनला तिथे बघून तिचा जीव भांड्यात पडला. म्हाताऱ्याची सोय झाली म्हटल्यावर तिने निवांत नाव दिलं. नऊ झाले. आणि परत तिथेच गाडं अडलं.

शुक्रवारी मीच ऑफिसात जाऊन बसले. काही काम नव्हतं. लोकर घेऊन गेले होते, पण एकही टाका घातला नाही. ब्रेंट दोनदा डोकावला. बाहेर बर्फ पडायला लागलं होतं आणि शाळेच्या बसगाड्या लवकर सुटल्या होत्या. लावॉनने टेबल आवरलं, तो जुना खोका खालून काढून वर ठेवला. बंद करायचंच झालं तर हा कुणाकडे द्यायचा, असं काहीतरी तिच्या मनात असणार. दिवे घालवायला उठली आणि दार उघडलं. टॅशा. रात्रपाळीला निघालेली, कारखान्याचे रबरी बूट, केसांवर जाळी, खांद्यावर बर्फ.

"पोस्टर वाचलं," ती म्हणाली. "जागा खरंच पुष्कळ आहेत?"

"सोळापर्यंत नेता येतात. अजून नऊच आहेत."

टॅशाने बोटं मोजली. तिला नियम माहीत होता, सगळ्यांना माहीत होता. "म्हणजे मी दहावी."

"हो. पण तेवढ्यासाठी म्हणून तू—"

"नाही. तसं नाही." टॅशाने जाळी काढली आणि मुठीत चुरगळली. "जागा एकच असती ना, लावॉन, तरी मी आले असते. तेच सांगायला आले. काल रात्रभर त्या मशीनवर उभी राहून ठरवलं. मला जायचंय. केल्सीला जायचं असेल, ड्वेनला जायचं असेल, पण मलाही जायचंय."

मी आमच्या गावात जन्मले, वाढले, म्हातारी झाले. इतकं सरळ "मला हवंय" मी क्वचितच ऐकलंय, तेही तीन वर्षांच्या पोरांकडून. बोलून झाल्यावर टॅशाची मान लालभडक झाली. लावॉनची पण. मी लोकरीकडे बघत बसले, कारण अशा वेळी माणसाकडे बघणं बरं नव्हे.

लावॉनने खिडकीच्या कडेला पडलेलं पेन पुढे केलं. ते चालेना, थंडीने शाई गोठली होती. मग तिने ते काखेत धरून गरम केलं आणि परत दिलं. टॅशाने सही केली. ब्रेंट आत आला, नावं बघितली, आम्हा तिघींकडे बघितलं आणि म्हणाला, "दहा! काय झालं नक्की? मला कुणी सांगेल का?"

"पोस्टर बदललं," लावॉन म्हणाली.

"पण त्यात तर काहीच नाही!"

"हो ना," लावॉन म्हणाली. "तुला घरी सोडू का, ब्रेंट? त्या बुटांनी तू पार्किंगपर्यंतही पोचायचा नाहीस."

सोमवारी तो वेल्डिंगचा मुलगा परत आला, बरोबर मित्राला घेऊन. मार्चपर्यंत तेरा झाले.

निघायच्या पहाटे कॉलेजसमोर गाडी उभी होती, इंजिन चालू, उणे वीस तापमान. सगळं गाव निरोपाला. आमचा निरोप म्हणजे "बरं, निघतो मग," म्हणून तासभर उभं राहायचं. त्यात गाडीत आधी कोण चढणार यावर अडलं. ड्वेनने दार धरलं होतं, केल्सी म्हणत होती तुम्ही आधी, पोरं म्हणत होती बायका आधी, आणि आतली ऊब बाहेर चालली होती. लावॉनच्या गळ्यात ती शिट्टी होती. ती वाजवावी की नाही अशा विचारात, ओठांपाशी नेऊन परत खाली.

तेवढ्यात टॅशाने दोन्ही पोरांचे पापे घेतले, त्यांना माझ्याकडे ढकललं आणि सरळ पायरी चढली.

"मी खिडकीपाशी बसणार आहे," तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "दोन्ही वेळेला. गाडीत पण आणि विमानात पण."

"वाईट नाही," ड्वेन म्हणाला आणि तिच्यामागे चढला. मग बाकीचे.